खायचं विमान

आमच्या घरात कॉम्प्रेसर एकच आहे आणि त्याच्या हवेवर जगणारे दोघं. मी लहान लहान विमानं रंगवतो, माझी बायको प्रेमा केक रंगवते. दोघांच्याही हातात एअरब्रश, म्हणजे पेनाएवढी रंग फवारायची गन, आणि दोन्ही गनच्या नळ्या मागच्या बाल्कनीतल्या त्या एकाच गुरगुरणाऱ्या यंत्राला जोडलेल्या. तिनं स्वयंपाकघरात खटका दाबला की इकडे माझ्या खोलीत हवेचा जोर कमी पडतो आणि चांगल्या रंगवत आणलेल्या पंखावर थेंब उडतात. मी ओरडतो. ती तिकडून ओरडते, "स्वल्प थांबा की हो, झालंच!"

हा "स्वल्प" तिचा फार लाडका शब्द. आपल्या मराठीत तो स्वल्पविरामापुरता उरलाय, पण बेंगळुरात कानडीच्या जिवावर दिवसभर राबत असतो. थोडं म्हणजे स्वल्प. प्रेमाच्या रंगात पाणी स्वल्प, हवेचा जोर स्वल्प, गन किती लांब धरायची तर स्वल्प लांब. सगळा अंदाजपंचे कारभार. मी थिनरचे थेंब मोजून टाकतो, हवेचा काटा बघतो, आधी रद्दीवर फवारून पाहतो, आणि तरीही माझ्या रंगाची कड तिच्यासारखी येत नाही. हे मी घरात कबूल करणार नाही. इथे बिनधास्त लिहितोय, कारण तिला मराठी वाचायचा कंटाळा आहे. शाळा कानडी, कॉलेज इंग्रजी, मराठी फक्त तोंडी.

तोंडी मात्र भरपूर. प्रेमा इथलीच. तिचे पणजोबा कधीतरी इकडे आले आणि परत जायचं विसरले. वडिलांचं शिवाजीनगरात स्कूटरच्या सुट्या भागांचं दुकान होतं. पाच बहिणींतली ही मधली, कॉलेज सुटलं की गल्ल्यावर बसायची. गिऱ्हाइकांशी कानडी, तमिळ, दखनी उर्दू, घरी मराठी, आणि सगळ्या भाषांत मिळून आवाज एकच, चढा. परकं माणूस म्हणजे काय हे तिला ठाऊकच नाही. भाजीवाला अण्णा, गॅसवाला अण्णा, आणि आमच्या संस्थेचे संचालक एकदा घरी जेवायला आले तर तेही अण्णा. "अण्णा, सार वाढू की? लाजू नका." मी ताटात तोंड खुपसून बसलो. संचालक मात्र सार तीनदा घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी मला नावानं हाक मारून प्रेमाची चौकशी करायला लागले. त्याआधी त्यांना माझं नाव ठाऊक नव्हतं.

मी नागपूरचा. विमानांच्या संशोधनाच्या एका सरकारी संस्थेत नोकरी लागली म्हणून इकडे आलो, सी. व्ही. रामन नगरात घर केलं आणि इथलाच होऊन बसलो. माणसं पटकन माझ्याशी बोलत नाहीत, मीही त्यांच्याशी नाही. माझ्याजवळ दाखवण्यासारखी एकच गोष्ट होती, हात. ऑफिसात मला विमानवाला म्हणतात. कुणाच्या टेबलावर, कुणाच्या घरी टीव्हीशेजारी माझं एखादं विमान उभं असतं, आणि ते बघायला लोक वाकतात तेव्हा मला जे वाटतं ते मला दुसऱ्या कशानं वाटत नाही.

प्रेमा रसायनशास्त्र शिकवायची, एका कॉलेजात. लॉकडाउनमध्ये वर्ग कॉम्प्युटरच्या पडद्यावर गेला आणि जिला दगडाशीही बोलता येतं तिला पडद्याशी बोलता येईना. मुलं कॅमेरे बंद करून बसायची. "भिंतीला शिकवू काय मी?" म्हणाली आणि नोकरी सोडली. मग केक करायला लागली. पहिला केक इतका कडक झाला की मी त्याला लाडानं वीट म्हटलं आणि आठवडाभर माझ्याशी अबोला धरला गेला. पण तिनं पिच्छा सोडला नाही. वजनकाटा आणला. मैदा, लोणी, साखर ग्रॅमपर्यंत तोलते. ओव्हनचा काटा खोटं बोलतो म्हणून आत वेगळा थर्मामीटर टांगलाय. केक निवला की एक तुकडा तोंडात घालते, डोळे मिटते, आणि तोवर घरात कुणी चमचाही वाजवायचा नाही. मनासारखा नसला तर अख्खा केक शेजारच्या घरी रवाना. म्हणजे या बाईला मोजता येत नाही असं नाही. फक्त रंग तिला मोजावासा वाटत नाही, आणि तेच मला सलतं.

एअरब्रश तिनं माझा बघूनच आणला. माझी जुनी गन देऊ केली होती, तर म्हणाली, "विषाचा रंग गेलाय तिच्यातून, केकला कशी चालंल?" नवी आणली. मी तिला खुर्चीवर बसवून पहिला धडा दिला. खटका खाली दाबला की हवा, मागे ओढला की रंग, आणि दोन्ही एकाच बोटानं, एकाच वेळी. बोटाला वळण लागायला दोन-तीन वर्षं जातात, असं मी गंभीरपणे सांगितलं. मला तेवढी लागली होती. तिनं वर्तमानपत्रावर एक रेघ ओढली, दुसरी ओढली, आणि मग धाकट्या बहिणीचं नाव कानडीत, वळणदार, एकदाही न थांबता लिहिलं. सुरुवातीला बारीक, पोटात जाड, शेपटाला पुन्हा बारीक. "असं काय?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "बरं आहे." त्या दिवसापासून माझ्या पोटात दुखतंय.

कुणी म्हणेल, फुलं आणि फुगे रंगवणाऱ्या बायकोवर काय जळायचं. मीही स्वतःला तेच सांगत होतो. फुलं वेगळी, कॅमोफ्लाज वेगळा. लढाऊ विमानावर वरून हिरव्या आणि मातकट रंगाचे वेडेवाकडे पट्टे असतात, जमिनीच्या रंगात मिसळून जावं म्हणून. खऱ्या विमानावर हे दोन रंग जिथे भेटतात तिथली कड बोटभर धूसर असते. तेच विमान बहात्तर पटींनी लहान केलं की ती कड केसाएवढी धूसर हवी. जास्त झाली तर विमान रंग गेलेल्या कपड्यासारखं दिसतं, कमी झाली तर खेळणं वाटतं. त्यासाठी मी चिकट पुट्टीच्या बारीक वळ्या करतो, शेंगोळ्या वळतात तशा. त्या रेषेवर बसवायच्या, आतला भाग झाकायचा, रंग मारायचा, वाळला की वळ्या उचलायच्या. नुसत्या हातानं, काही न झाकता ती कड मारणारे लोक आहेत म्हणतात. मला ते जमत नाही. फुलं रंगवणारीला कुठून जमणार, या भरवशावर मी निवांत होतो.

मग गुरुदत्त निवृत्त झाला.

गुरुदत्त आमच्या विभागात माझ्या पुढचा. कारवारकडचा, बुद्धीनं तल्लख आणि तोंडानं महाकंजूष. कौतुक म्हणून तो एकच शब्द वापरतो, "सरी". बरं, ठीक, चालेल, कळलं, निघा आता, एवढं सगळं त्या एका कानडी शब्दात बसतं. सरीच्या वर त्याच्याजवळ एकच पायरी आहे, "भले!" ती मी इतक्या वर्षांत एकदाच ऐकली, आणि तीही कुणा माणसाला मिळाली नव्हती. विंड टनेलमधल्या एका मोजणीचे आकडे बघून तो कागदाला भले म्हणाला होता. माझी किती विमानं त्यानं पाहिली असतील. प्रत्येकाला सरी. प्रेमाला मी हे अनेकदा सांगितलंय, तिला त्याचं हसू येतं.

तर निवृत्तीला त्याला मारुत द्यायचं मी ठरवलं. आपल्या बेंगळुरातच आखलेलं आणि बांधलेलं जुनं लढाऊ विमान. ते सेवेतून जायला आलं होतं तेव्हा गुरुदत्त नोकरीला लागला, आणि त्याचं पहिलं काम त्या विमानावरचं. ज्याच्या पंखाखाली हा माणूस विशीत उभा राहिला तेच विमान माझ्या हातून रंगवून त्याच्यापुढे ठेवलं, तर भले म्हणावंच लागेल. गेल्या पावसाळ्यापासून मी त्यावर खपत होतो. ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं. निवृत्तीचं जेवण त्यानं होसकोट्याला बांधलेल्या नव्या घरी, रविवारी दुपारी ठरलं होतं.

जेवणाच्या पंधरवडाभर आधी प्रेमा फोन ठेवून माझ्या खोलीत आली. "गुरुदत्तण्णांच्या लेकीचा, शमिकाचा फोन होता. अप्पांसाठी केक पाहिजे म्हणे. विमानाचा. तुम्ही करताय ना, तेच विमान."

मी हातातली गन खाली ठेवली. "तेच कशाला? दुसरं कर. प्रवासी विमान कर, पांढरं. सोपं पडेल."

"तिला तेच पाहिजे. अप्पांचं पहिलं विमान म्हणाली." ती माझ्या टेबलाजवळ आली. "त्याचं चित्र आहे ना तुमच्याजवळ? वरून, बाजूनं काढलेलं?"

"आहे, पण तुला समजायचं नाही. गुंतागुंतीचं असतं ते. तू आपले हिरवे ठिपके मार, पोरांच्या वाढदिवसाला मारतात तसे."

"अय्यो, विमानातला माणूस तो. ठिपके चालतील काय?" म्हणाली. मग कॉफीचा पेला घेऊन माझं अर्धवट रंगलेलं मारुत बघत उभी राहिली. वरून बघितलं, वाकून बाजूनं बघितलं, कॉफी संपली तशी निघून गेली. चित्र पुन्हा मागितलं नाही. मला वाटलं, बाई घाबरली. मी खूश झालो.

पुढचे दिवस तिनं रंगाला हातही लावला नाही. नुसती आतल्या केकच्या मागे होती. नारळ आणि गूळ. गुरुदत्तची आई कारवारला कसलासा नारळ-गुळाचा केक चुलीवर वाळूत भाजायची, ते शमिकानं सांगितलं होतं, आणि प्रेमाला तीच चव काढायची होती. एकदा केला, शेजारी गेला. पुन्हा केला, पुन्हा शेजारी. दर वेळी बशीत तुकडा घालून माझ्यापुढे आणायची, "स्वल्प खाऊन सांगा ना." माझ्या हातात पुट्टीच्या वळ्या असायच्या. मी म्हणायचो, "ठेव तिथे, नंतर बघतो." नंतर मी बघत नसे. शत्रूच्या गोटातलं अन्न मी का खावं?

माझं मारुत शुक्रवारी पूर्ण झालं. वळ्या उचलल्या, कडा बघितल्या. चांगल्या होत्या. एवढ्या चांगल्या मला पूर्वी आल्या नव्हत्या. नाकावर वाऱ्याचा वेग मोजणारी सुईसारखी नळी बसवली आणि काचेचं झाकण घातलं.

शनिवारी दुपारी प्रेमानं कॉम्प्रेसर चालू केला. मी पाणी प्यायचं निमित्त करून स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. पाटावर हातभर लांबीचं विमान पोटावर बसलेलं. आत केक, वरून साखरेची लाटलेली पोळी चढवलेली, सगळं मातकट रंगवून झालेलं. आता हिरवा राहिला होता. साखरेच्या पोळीवर काही चिकटवून झाकता येत नाही, उचलताना पोळी सोलून येते. म्हणजे नुसत्या हातानं मारणं आलं. मी मनातल्या मनात देवाची प्रार्थना करत होतो आणि ती कशासाठी होती ते सांगण्यासारखं नाही.

तिनं मान वाकडी करून खांद्यावर फोन धरला होता आणि धाकट्या बहिणीशी बोलत होती. कुणाच्या तरी सुनेनं कुणाला तरी काहीतरी म्हटलं होतं. बोलता बोलता उजवा हात विमानावरून फिरत होता. कणा, डाव्या पंखाचं मूळ, पंखावरून तिरकं मागे. माझ्या विमानावरचाच पट्टा, जसाच्या तसा, वळणाला वळण. आणि कड. ती कड मी दारातून बघत होतो आणि माझ्या कानशिलांतून वाफ निघत होती. ना धूसर, ना तीक्ष्ण. जिथे हिरवा संपतो तिथे मातकट सुरू होतो आणि मधे कुठेतरी डोळा अडखळत नाही, एवढंच. "हौदु काय? खरंच असं म्हणाली ती?" प्रेमा फोनवर हसली. हसताना हातही हलला नाही.

मी ग्लास आपटला. तिनं वळून बघितलं. "हवा पाहिजे काय? स्वल्प थांबा, झालंच."

त्या संध्याकाळी मी माझं मारुत झाकणातून काढलं आणि दिव्याखाली धरलं. आदल्या दिवशी चांगल्या वाटलेल्या कडा आता वळ्या ठेवून काढल्यासारख्या दिसत होत्या, म्हणजे जशा होत्या तशाच. अंगाचा तिळपापड म्हणतात तो मी खुर्चीत बसून सविस्तर अनुभवला. बाहेरून प्रेमा जेवायला हाका मारत होती. भूक नाही म्हणून सांगितलं, आणि मग भूक लागली म्हणून उठून जेवलो.

रविवारी गाडी तिनंच चालवली, कारण केक मांडीवर धरायला माणूस हवा होता. तो माणूस मी. माझं मारुत मागच्या सीटवर, पट्टा लावून. टिन फॅक्टरीपासून होसकोट्यापर्यंत रस्त्याला खड्डे आणि गतिरोधक यांची चढाओढ आहे, आणि मी आपल्या मांडीवर आपला प्रतिस्पर्धी घेऊन बसलो होतो. नुसता गुडघा हलवला असता तरी काम झालं असतं. असा विचार माझ्या मनात आला का? आला. एकदा नव्हे. पण के. आर. पुरमच्या पुढे एक न रंगवलेला गतिरोधक आला, प्रेमा ओरडली, गाडी उडाली, आणि माझे दोन्ही हात आपोआप पाट घेऊन वर गेले. केकला काही झालं नाही. मागे मात्र खण्णकन आवाज आला.

गाडी थांबवून बघितलं. काच शाबूत होती. मारुत आत आडवं झालेलं, आणि नाकावरची नळी मोडून पडलेली. ती कुठे गेली ते सापडेना. प्रेमा म्हणाली, "अय्यो देवा, माझं लक्ष नव्हतं. रागावलात?" मी म्हटलं, "नाही." मी तिच्यावर रागावलोच नव्हतो. माझ्या हातांवर रागावलो होतो.

गुरुदत्तच्या दिवाणखान्यात माणसं भरली होती. मधल्या टेबलावर शमिकानं दोन्ही विमानं शेजारी शेजारी ठेवायला लावली, हौसेनं. एवढं मोठं केकचं आणि त्याच्या बाजूला वीतभर माझं. गुरुदत्त चष्मा पुसत आला. आधी माझ्या विमानाकडे वाकला. त्यानं काचेतून नीट बघितलं, या बाजूनं, त्या बाजूनं.

"सरी," तो म्हणाला. मग पुन्हा वाकला. "नाकावरची नळी कुठाय, उमाकांत?"

मी काही बोलायच्या आत तो केककडे वळला होता. तिथे तो वाकला नाही. मागे सरकून उभा राहिला, लांबून बघायला. डाव्या पंखावरून त्याचं बोट हवेतच फिरलं, हिरव्याच्या कडेकडेनं. "मी ह्याच पंखाखाली उभा असायचो," तो शमिकाला म्हणाला. डोळे ओले झाले होते त्याचे. मग तो प्रेमाकडे वळला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "भले! प्रेमक्का, भले!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, नवरा होतो म्हणून. टाळी वाजवताना हात इतके जड होऊ शकतात हे मला ठाऊक नव्हतं.

पुढे तासभर तेच. काय रंग, काय हात, खरं वाटतं हो, फोटो काढू का, कापू नका कापू नका. गुरुदत्त सुरी हातात घेईना. मधुमेह असल्यामुळे तो खाणारही नव्हता. शेवटी शमिकानं सुरी प्रेमाला दिली, आणि प्रेमानं नाकापासून सुरणासारखे सरसरून काप पाडायला सुरुवात केली. जरासुद्धा हात आखडला नाही तिचा. ती सुरी डाव्या पंखाशी आली तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "तो पंख ठेव! पंख ठेव!"

सगळे हसले. "उमाकांतना पंख पाहिजे, आख्खा!" प्रेमाही लाजल्यासारखी हसली आणि पंख डब्यात घालून तिनं माझ्या हातात दिला. त्यांना वाटलं, बायकोच्या कौतुकानं मागितला. मला तो घरी नेऊन भिंगाखाली धरायचा होता. एवढी कड नुसत्या हातानं येत नसते. कुठेतरी अडखळली असेल, कुठेतरी थेंब उडाला असेल, आणि तो मला शोधायचा होता.

परतताना प्रेमा गप्प होती. ती गप्प असते तेव्हा गाडीतला रेडिओ बंद पडल्यासारखं वाटतं. मला वाटलं, विजयाचा आनंद मुरवतेय. मी मांडीवरचा डबा धरून खिडकीबाहेर बघत राहिलो. के. आर. पुरमच्या झुलत्या पुलाच्या अलीकडे गाड्या जागच्या जागी थांबल्या. तिनं इंजिन बंद केलं.

"कुणीच काही बोललं नाही हो," ती म्हणाली.

मला कानांवर विश्वास बसेना. "कुणीच बोललं नाही? प्रेमा, लोक दुसरं काही बोलतच नव्हते! गुरुदत्त तुला भले म्हणाला. भले! मला आजवर—"

"रंगाला म्हणाले. केक कसा झालाय ते कुणी बोललं काय?" तिनं स्टिअरिंगवर बोटं वाजवली. "तीनदा शेजारी दिला मी. गूळ किती, नारळ किती, भाजणं किती. त्यांच्या आईची चव यायला पाहिजे म्हणून. अण्णांनी तोंडात घातला नाही, त्यांचं सोडा, त्यांना चालत नाही. बाकीच्यांनी खाल्ला की नाही? खाल्ला, आणि फोटो काढत बसले. केक होता हो तो. रंगाला काय लागतं?"

रंगाला काय लागतं. मी गेल्या पावसाळ्यापासून बारीक वळ्या वळत बसलेला माणूस, आणि माझी बायको माझ्याशेजारी बसून मला विचारत होती, रंगाला काय लागतं. ज्या कडेसाठी मी जळून कोळसा झालो होतो, ती तिच्या लेखी चिवड्यावरच्या कोथिंबिरीएवढीसुद्धा नव्हती. चोरानं घर लुटावं आणि लुटलेलं सामान रस्त्यात टाकून पुढे जावं, तसं मला झालं. ती मुद्दाम म्हणाली असती तर सोसलं असतं. ती मुद्दाम म्हणाली नव्हती.

"तुम्ही तर बशीतलाही कधी खाल्ला नाहीत," ती म्हणाली, आणि तिचा आवाज पहिल्यांदा खाली आला.

"आता खातो," मी म्हटलं. माझा बेत ठरला होता. मागच्या टोकाचा, नुसता मातकट असलेला तुकडा मोडायचा, तेवढा खायचा आणि कड जपून घरी न्यायची. डबा उघडला. कलत्या उन्हात ती कड स्वच्छ दिसत होती. मी शेवटचं शोधून घेतलं. अडखळलेली नव्हती. थेंब नव्हता.

टोकाचा तुकडा मोडून तोंडात टाकला. आधी गूळ आला, थोडा करपवलेला, मग भाजलेला नारळ, आणि दोन्हींच्या मागून चुलीचा म्हणावा असा वास. मी नागपूरचा, मला कारवारच्या चुली काय माहीत. तरी तो वास ओळखीचा वाटला. पुढच्या गाड्या हलल्या. प्रेमानं गाडी चालू केली, पूल ओलांडला, एका रिक्षावाल्याला कानडीत दोन शब्द सुनावले, पुन्हा थांबली, पुन्हा निघाली. मी खिडकीबाहेर बघत होतो आणि दाबून ठेवलेल्या रागानं चावत होतो.

टिन फॅक्टरीच्या सिग्नलला तिनं विचारलं, "मग? कसा झालाय?"

खरा शब्द माझ्या जिभेवर तयार होता, गुळासकट. आजवर मी ज्याची वाट बघत आलो तोच शब्द, आणि तिला हवा असलेला. तो देणं माझ्या हातात होतं, दुसऱ्या कुणाच्याच नाही. मी तो गिळला.

"सरी," मी म्हटलं.

प्रेमानं माझ्याकडे बघितलं नाही. तिनं माझ्या मांडीवर बघितलं. मग मीही बघितलं. डब्यात पंख नव्हता. मातकट गेला होता, हिरवा गेला होता, मधली कड गेली होती, आणि माझं बोट डब्याच्या कोपऱ्याला चिकटलेला गूळ निपटून घेत होतं. ओठांना हिरवा रंग लागला असावा, कारण ती माझ्या तोंडाकडे बघून हसायला लागली. सिग्नल सुटला, मागचे हॉर्न वाजवायला लागले, तरी ती स्टिअरिंगवर डोकं टेकून हसत होती.

"भले!" ती मला म्हणाली.